3+2 की सलग 5 अ‍ॅक्सिस? कॅमचं मॉड्यूल घेण्याआधी

साकीनाका, वसई किंवा रबाळ्याच्या शेडमध्ये ट्रनियन टेबलचं (कलणाऱ्या आणि फिरणाऱ्या टेबलचं) 5 अ‍ॅक्सिस मशीन उतरलं की मालकाचा पहिला फोन ठरलेला असतो: "प्रोग्रामिंगला 3+2 वर भागेल, की सलग 5 अ‍ॅक्सिसचं मॉड्यूलपण घेऊ?" कॅम म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यात दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम मी रोज लिहितो. माझं उत्तर बहुतेकांना एकच असतं, आधी 3+2.

3+2 मध्ये दोन रोटरी (फिरणारे) अ‍ॅक्सिस जॉब, म्हणजे कापायचा भाग, हव्या त्या कोनात वळवून लॉक होतात आणि पुढचं कटिंग नेहमीच्या तीन अ‍ॅक्सिसवर चालतं. सलगमध्ये पाचही अ‍ॅक्सिस एकाच वेळी हलतात.

लॉक होण्यातच 3+2 ची ताकद आहे. कुंभारवाड्याच्या धातूबाजारातून आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून तिरक्या खिशांचं (खोलगट खाचांचं) हाउसिंग काढायचं आहे असं धरा. व्हाइसमध्ये चार-पाच वेळा पलटायचं म्हणजे दर वेळी डायल लावा, झिरो घ्या, आणि दर वेळी थोडी चूक जोडत जा. 3+2 मध्ये जॉब एकदाच बांधला जातो. जॉब वळवल्यामुळे टूलही आखूड चालतं. 80 मिमी बाहेर काढलेलं टूल 50 वर आणलं, तर त्याच जोराला ते साधारण चौपट कमी वाकतं, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतं. चॅटर (कापताना टूलचं थरथरणं) बहुतेक वेळा इथेच सुटतो.

बॉलनोजचंही (गोल टोकाच्या कटरचंही) तेच. 10 मिमीचा बॉलनोज 0.2 मिमी खोलीवर सपाट भागात सरळ उभा चालवला, तर प्रत्यक्ष कापणारा व्यास 2.8 मिमीच्या आसपास असतो आणि टोकाला वेग शून्य. तिथे धातू कापला जात नाही, घासला जातो. तोच 15 अंश कलवला की कापणारा व्यास 5 मिमीच्या पुढे जातो आणि फिनिशमधला फरक डोळ्यांना दिसतो. यासाठी सलग हालचाल लागत नाही, एकदा कोन दिला की झालं.

मग सलग कधी? इम्पेलर, टर्बाइनचं पातं, आत वळत जाणारा पोर्ट. जिथे एका ठरलेल्या कोनातून पृष्ठभाग पूर्ण दिसतच नाही, किंवा दोन कोनांच्या सांध्यावरची रेघ ग्राहकाला चालत नाही, तिथे पर्याय नाही. तरी अशा जॉबचंही रफिंग (जादा धातू काढणारं पहिलं कटिंग) मी जमेल तितकं 3+2 मध्येच काढतो, कारण लॉक झालेलं टेबल जास्त भार सोसतं.

सलगची किंमत मॉड्यूलवर संपत नाही. कंट्रोलमध्ये टूलचं टोक धरून ठेवणारी सोय हवी: फानुकवर जी43.4, सीमेन्सवर ट्राओरी, हायडेनहाइनवर एम128. ती नसेल तर जॉब टेबलवर जरा सरकला की प्रोग्रॅम पुन्हा पोस्ट करावा, म्हणजे कॅममधून मशीनच्या भाषेत नव्याने काढावा लागतो. टूल जवळजवळ उभं असताना सी अ‍ॅक्सिस (टेबल गोल फिरवणारा) अचानक गरकन फिरतो आणि जॉबवर डाग उमटतो, तेव्हा टूलचा कल हाताने बांधून द्यावा लागतो. रोटरीत 0.01 अंशाची चूक असली तर केंद्रापासून 100 मिमीवर ती 17 मायक्रॉन होते. 3+2 मध्ये ती त्या कोनापुरती मोजून भरून काढता येते. सलगमध्ये कोन बदलत राहतो, त्यामुळे मशीनचं कॅलिब्रेशनच नेटकं हवं.

कॅमसाठी फ्यूजन घ्या नाहीतर मास्टरकॅम, खरी परीक्षा पोस्ट प्रोसेसरची असते, म्हणजे टूलपाथचा तुमच्या मशीनसाठी जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) बनवणाऱ्या भागाची. एका विक्रेत्याने आम्हाला दुसऱ्याच मशीनचं पोस्ट थोडं बदलून दिलं होतं. सिम्युलेशन स्वच्छ होतं, पण मशीनवर टेबल उलट्या बाजूला वळलं. सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत) चालवत होतो म्हणून स्पिंडल वाचला. सिम्युलेशन टूलपाथ दाखवतं. पोस्टमधून निघालेला जी-कोड बरोबर आहे का, हे त्यातून कळेलच असं नाही.

गेल्या वर्षभराची ड्रॉइंग काढा आणि कोणते पृष्ठभाग ठरलेल्या कोनातून कापता येणार नाहीत ते खुणा करून मोजा. दोन-तीनच निघाले तर ते जॉब बाहेर करून घ्या. महिन्याला नियमित निघत असतील तर सलग घ्या, पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच मशीनवर, तुमच्याच पोस्टमधून, तुमचाच एक जॉब काढून दाखवायला सांगा.