पाळी निवडण्यापूर्वी खानावळ पाहावी: सांगली फाट्याजवळचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नव्याने रुजू होणाऱ्या कामगाराला कोणती पाळी हवी असे विचारले, तर तो बहुधा रात्रपाळीचा भत्ता आणि घरी पोहोचण्याची वेळ एवढाच हिशेब मांडतो. जेवण केव्हा आणि कुठे मिळणार, हा प्रश्न मागे राहतो. वसाहतीतील अनेक फाउंड्र्या (धातू वितळवून ओतण्याचे कारखाने) आणि मशिनशॉप लहान आहेत. 1948 च्या कारखाने अधिनियमातील उपाहारगृहाची तरतूद 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होती, त्यामुळे लहान कारखान्यातील माणसाचे पोट घरच्या डब्यावर, नाहीतर बाहेरच्या खानावळीवर राहिले. सांगली फाट्याजवळच्या अशाच एका घरगुती खानावळीत मी तिन्ही पाळ्यांत जेवलो आहे. तिचे परीक्षण पाळीनिहाय करणेच योग्य ठरेल, कारण तेच स्वयंपाकघर दुपारी जे देते, ते रात्री देऊ शकत नाही.

जेवण उत्तम आहे, हे आधीच सांगतो. ज्वारीची भाकरी किंवा चपाती, एक उसळ, एक पालेभाजी, आमटी, भात, खर्डा आणि ताक अशी थाळी 90 रुपयांत मिळते. बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा असतो. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि वाढणाऱ्या मावशी दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. भट्टीजवळ काम करून घामाने निथळलेल्या माणसाला मीठ घातलेले ताक किती मोलाचे असते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ताकाचा दुसरा पेला त्या हिशेबात धरत नाहीत.

पहिल्या पाळीसाठी खानावळ सहाला उघडते. सातच्या आत कारखान्यात पोहोचायचे असल्याने पोहे आणि चहा उरकून निघता येते, आणि तीनला सुटल्यावर जेवणही मिळते, पण तोवर भाकऱ्या संपत आलेल्या असतात. शहरात राहणाऱ्या आणि शाळेत जाणारी मुले असलेल्या माणसाला मात्र मी हीच पाळी सुचवीन, कारण संध्याकाळ आणि रात्रीचे जेवण घरच्यांबरोबर होते आणि झोपही रात्रीचीच राहते. त्याला खानावळीची गरजच कमी पडते.

खानावळीचा खरा उपयोग दुसऱ्या पाळीला होतो. दुपारी दोनच्या सुमारास पहिल्या वाफेचा भात आणि गरम भाकरी खाऊन तीनला कामावर जाता येते, आणि रात्रीच्या सुट्टीसाठी सातच्या सुमारास गेटवर डबा पोहोचतो. तो डबा उशिरा आल्याचे मला आठवत नाही. हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतील खेड्यांतून येणाऱ्या, घरी म्हैस आणि थोडा ऊस असलेल्या कामगारांची इथे गर्दी असते, आणि त्यांनी ही पाळी पसंत करण्यामागे पक्का विचार आहे. सकाळची धार काढून दूध डेअरीला घालायचे, वैरण आणायची, शेतीपंपाला लागणारी थ्रीफेज वीज दिवसा असेल त्या आठवड्यात उसाला पाणी पाजायचे आणि मग आंघोळ करून कामाला यायचे. मात्र संध्याकाळची धार काढायला घरात दुसरे कोणीतरी लागते. ज्याच्या घरी भाऊ किंवा वडील आहेत त्याला ही पाळी शोभते. जो एकटा आहे, त्याची पत्नी दोन्ही वेळच्या कामाखाली दबून जाते. पाळी मागण्यापूर्वी तिला विचारले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

रात्रपाळीसाठी ही खानावळ अपुरी पडते. स्वयंपाकघर साडेदहाला बंद होते, त्यामुळे डबा दहालाच उचलावा लागतो आणि तो उघडला जातो दोन-अडीचला. तोवर भाकरी वातड होते, आमटीवर तवंग धरतो. भात भरपूर आणि तिखटही दिवसाइतकेच असते, आणि दोष इथेच आहे. मध्यरात्रीनंतर शरीर साखर दिवसासारखी हाताळू शकत नाही, पहाटे चारच्या आसपास शरीराचे तापमानही सर्वांत खाली गेलेले असते. अशा वेळी भरल्या पोटाने यंत्रासमोर उभे राहणे जड जाते आणि छातीत जळजळ सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये शरीराचे दैनंदिन चक्र बिघडवणारे पाळीचे काम संभाव्य कर्करोगकारक गटात घातले आणि 2019 मध्ये रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. भत्त्याकडे पाहून रात्रपाळी मागणाऱ्याला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. भट्टी विभागातील माणसाला तर निवडीची संधीही क्वचितच मिळायची, कारण रात्रीच्या वीजदरात तेव्हा सवलत असल्याने वितळणीचे काम रात्री ठेवण्याची पद्धत अनेक वर्षे होती.

ज्यांना रात्रपाळी करावीच लागते, त्यांनी येथून पूर्ण थाळीचा डबा घेऊ नये. साडेनऊला येऊन बसून गरम जेवावे आणि सोबत केवळ दोन चपात्या, सुकी भाजी आणि ताकाची बाटली न्यावी. सकाळी सातला सुटल्यावर पोह्यांची अर्धी प्लेट पुरे होते. चहा टाळून थेट घर गाठावे, म्हणजे झोप लवकर लागते. फिरती पाळी असेल आणि वेळापत्रक ठरवताना मत विचारले गेले, तर पहिली, दुसरी आणि मग रात्र असा क्रम मागावा. उलट क्रमापेक्षा तो शरीराला सोपा जातो.

रात्रीसाठी कमी तिखटाचा, भाताविना लहान डबा वेगळ्या दराने सुरू करावा, अशी विनंती मी मावशींना केली आहे. किमान दहा गिऱ्हाईक जमले तर पुढच्या महिन्यापासून करू, असे त्या म्हणाल्या. रात्रपाळीच्या ज्या मंडळींना तो हवा असेल, त्यांनी दुपारी चारपूर्वी खानावळीत जाऊन नाव नोंदवावे.