कोटेशनवरची 'आरटीओ' नावाची ओळ

नव्या गाडीच्या कोटेशनवर 'आरटीओ' अशी एकच ओळ आणि पुढे 1,18,000. मी दूध संघात हिशेब बघते. आमच्याकडे कुणी 'वाहतूक' एवढंच लिहून लाखाचं व्हाउचर पुढे केलं, तर ते आल्या पावली परत जातं. म्हणून कोल्हापुरातल्या त्या शोरूममध्ये (नाव लिहीत नाही) पहिला प्रश्न हाच केला, याची फोड सांगा. सेल्सचं पोरगं म्हणालं, "मॅडम, ते सरकारी असतंय, फिक्स असतंय," आणि चहा मागवला.

सरकारी असतं आणि फिक्सही असतं, हे खरंच. मग फोड द्यायला अडचण काय?

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी कर एक्स-शोरूम किमतीवर बसतो. 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांत 12, त्यापुढे 13. डिझेलला याच टप्प्यांवर 13, 14, 15. आमची गाडी 9,58,000 ची, म्हणजे कर 1,05,380. त्यावर नोंदणी शुल्क 600, स्मार्ट कार्डचे 200 आणि गाडी कर्जावर असेल तर बँकेचा बोजा चढवायचे 1,500. टपाल वगैरे किरकोळ धरूनही सगळं 1,10,000 च्या आत बसतं. मग वरचे आठ हजार कुणाचे? पोरगं मॅनेजरकडे गेलं. मॅनेजर म्हणाले, "एजंटचं असतंय थोडं." कसला एजंट? कंपनीतून तयार होऊन आलेली गाडी आता आरटीओच्या मैदानात दाखवायलासुद्धा न्यावी लागत नाही, सगळं शोरूमच्या कॉम्प्युटरवरून होतं. ओळ दुरुस्त झाली. खाली 'हँडलिंग' म्हणून 7,500 होते, तेही खोडले. एचएसआरपीचे, म्हणजे जास्त सुरक्षेच्या नंबरप्लेटचे, 1,200 वेगळे लावले होते. एप्रिल 2019 पासून नव्या गाडीची ती पाटी कंपनीच देते, किमतीतच धरून. तेही गेले. प्रत्येक वेळी चेहरा असा, की जणू आपल्या खिशातून काढून देतायत.

विम्यात मात्र जास्त रेटारेटी झाली. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुठेही नाही. त्यांचा आकडा 46,000, मी बाहेरून तशाच कव्हरचा घेतला 34,500 ला. "कॅशलेस होणार नाही बघा," असं तीनदा ऐकवलं. विमा कंपनीच्या गॅरेजांच्या यादीत त्यांचंच वर्कशॉप निघालं!

आता दहा लाखांच्या उंबरठ्याबद्दल, कारण कोटेशन बघताना माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. ह्यांना वरचं मॉडेल हवं होतं, 10,04,000 चं. फरक फक्त 46 हजारांचा, असं शोरूमवाले सांगत होते. पण टप्पा ओलांडला की वाढीव दर वरच्या चार हजारांवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. 12 टक्क्यांनी 1,20,480. म्हणजे करच 15,100 ने वाढला. शिवाय 10 लाखांच्या वरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच घेतलेला आयकर, आणखी 10,040. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, बुडत नाही, पण आज खिशातून जातोच. 46 हजारांचे 71 हजार झाले, आणि ते कशासाठी, तर सनरूफसाठी. कोल्हापूरच्या एप्रिलात सनरूफ कोण उघडणार आहे?

हेच गणित उलटं फिरलं ते सप्टेंबरात. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. ऑगस्टमध्ये आमचं हेच मॉडेल 10,47,000 ला होतं, तेव्हा 12 टक्क्यांनी कर 1,25,640 झाला असता. किंमत 89 हजारांनी उतरली ते सगळ्या पेपरांत आलं. गाडी खालच्या टप्प्यात आल्यामुळे राज्याचा करही वीस हजारांनी उतरला, ते शोरूममध्ये एकानेही सांगितलं नाही. सांगितलं तर जुन्या आकड्याचं कोटेशन कसं चालेल, म्हणा.

सीएनजीचा विचार केला होता. 1 जुलै 2025 पासून तिचा कर 1 टक्क्याने वाढून 8, 9, 10 झाला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच. आमच्याच गाडीचं सीएनजी 10,48,000 ला, पण कर 94,320. गाडी 90 हजारांनी महाग आणि कर अकरा हजारांनी कमी. डिकीत टाकी येते आणि आम्हाला दर महिन्याला गावाकडून तांदळाची पोती आणायची असतात, म्हणून नको म्हटलं. दीर म्हणाले, माझ्या कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळेल. कंपनीच्या नावावर सरसकट 20 टक्के, म्हणजे 1,91,600. घसारा त्यांना आणि भुर्दंड आम्हाला! निपाणीच्या मामेभावाने मात्र आमचा कर ऐकून हात जोडले. तिकडे कर्नाटकात याच किमतीला 14 टक्के आणि त्यावर उपकर वेगळा.

सरकारी बाजूबद्दल तक्रार करायला मला फारसं काही सापडलं नाही. पैसे भरल्याचा मेसेज आला, पावती डाउनलोड झाली आणि तिच्यावर कर आणि शुल्क वेगवेगळ्या ओळींत स्वच्छ मांडलेले होते. त्या पावतीची प्रत शोरूमकडे आवर्जून मागा, ते आपणहून देत नाहीत. दसऱ्याला गाडी पाटीसकट दारात होती, नंबर जो आला तो घेतला. 0001 साठी चारचाकीला 2024 पासून किमान 5 लाख मोजावे लागतात, तेवढ्यात आमच्या गाडीची निम्म्याहून जास्त किंमत निघते. आरसीचं कार्ड टपालाने आलं, तोवर डिजीलॉकरमधलं चालतं. कार्ड हातात पडलं की चासी नंबर आणि नावाचं स्पेलिंग तेवढं ताडून बघा. शोरूमला पाचपैकी दोन देते, तेही चहाचे.

कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवायचा असतो. तेव्हा शोरूमचा संबंध येत नाही.