वीज वाचवणारे खोके आणि अर्धवट गुणाकार

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील आमच्या छोट्या सोसायटीचा सचिव या नात्याने मी जानेवारी महिन्यात ‘वीज वाचवणारे यंत्र’ म्हणून विकले जाणारे एक खोके ६,५०० रुपयांना विकत घेतले. त्याने आजवर एक युनिटही वाचवलेले नाही. विक्रेत्याने माझ्यासमोर जे मोजमाप केले त्यातला प्रत्येक आकडा खरा होता, आणि म्हणूनच ही फसवणूक सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

टाकीत पाणी चढवणारा आमचा पंप जुना, एक हॉर्सपॉवरचा, सिंगल फेज आहे आणि त्याला स्वतंत्र मीटर आहे. विक्रेत्याने पंप चालू करायला लावून एका वायरभोवती क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारे उपकरण) धरला, तेव्हा ६.८ अँपिअर दिसले. खोके जोडताच आकडा ४.९ वर आला. मग त्याने कागदावर गुणाकार केला : २३० व्होल्ट गुणिले ६.८ अँपिअर म्हणजे १,५६४ वॅट, २३० गुणिले ४.९ म्हणजे १,१२७ वॅट, म्हणजे ४३७ वॅटची बचत. पंप रोज चार तास चालतो, त्यामुळे महिन्याला ५२ युनिटे वाचतील असे त्याने सांगितले. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट हे सूत्र शाळेपासून पाठ असल्यामुळे मला शंका घेण्यासारखे काही दिसले नाही. भोसरीतल्या कारखान्यांतही हेच बसवतात, असेही तो म्हणाला. कमिटीतल्या दोघांनी थोडे थांबू या, असे सुचवले होते, पण आग्रह माझाच होता.

पुढच्या दोन बिलांत युनिटे पूर्वीइतकीच, म्हणजे १३०च्या आसपास आली. विक्रेत्याला फोन केला, तर परिणाम दिसायला तीन महिने लागतात, असे उत्तर मिळाले. त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही.

शेवटी मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या आमच्या नेहमीच्या कारागिरांना बोलावले. त्यांनी क्लॅम्प मीटर पाहिला आणि एवढेच विचारले, “साहेब, करंट कमी झाला हे खरं, पण वॅट कुठं कमी झाले?” मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असे छापलेले असते, म्हणजे त्यावरचा लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट मोजले जाते. आम्ही घड्याळ लावून शंभर लुकलुकी मोजल्या. खोके जोडलेले असताना १०२ सेकंद लागले आणि काढल्यावरही १०२ सेकंदच लागले. हिशेब केला तर दोन्ही वेळा पंप सुमारे १,१०० वॅटच घेत होता.

कारण असे आहे की मोटर जो करंट ओढते त्यातला एक भाग गुंडाळीतले चुंबकीय क्षेत्र तयार करण्यात गुंततो आणि ती ऊर्जा प्रत्येक आवर्तनात परत जाते. ती खर्च होत नाही, म्हणून घरगुती मीटर ती युनिटांत धरत नाही. त्यामुळे मोटरच्या बाबतीत व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे त्या गुणाकारातला किती हिस्सा खरोखर खर्च होतो त्या प्रमाणाने, गुणावे लागते. आमच्या पंपाचा पॉवर फॅक्टर सुमारे ०.७ होता, खोक्याने तो ०.९७च्या आसपास नेला, करंट त्या प्रमाणात उतरला आणि वॅट होते तेवढेच राहिले. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने खोके उघडून दाखवले, तेव्हा आत ५० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा, एवढेच निघाले. ही ये-जा करणारी ऊर्जा कपॅसिटर मोटरला जवळूनच पुरवतो, म्हणून वायरमधला करंट तेवढा कमी दिसतो. (वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो, म्हणून असे खोके कोणीही स्वतः उघडू नये.) ज्या कारखान्यांचे बिल पॉवर फॅक्टरवर अवलंबून असते त्यांना अशा कपॅसिटरचा खरोखर फायदा होतो. भोसरीचे उदाहरण त्यामुळेच खरे वाटले. आमच्या बिलाशी त्याचा काही संबंध नव्हता.

ज्यांना पॉवर फॅक्टरची भानगड समजून घ्यायची नाही त्यांच्यासाठी सोपी परीक्षा इस्त्रीची आहे. आमच्या १,००० वॅटच्या इस्त्रीने ४.३ अँपिअर घेतले. २३० भागिले ४.३ म्हणजे सुमारे ५३ ओहम, आणि मल्टिमीटरनेही तिचा रोध तेवढाच दाखवला. तापणाऱ्या कॉइलला शाळेतले सूत्र जसेच्या तसे लागू पडते. पंपाला हाच भागाकार लावला तर जवळपास ३४ ओहम येतात, पण त्याच्या गुंडाळीचा रोध मोजला तर तो जेमतेम काही ओहम भरला. हा फरक मी विकत घेण्यापूर्वी पाहिला असता, तर तिथेच थांबलो असतो. त्याच इस्त्रीच्या जोडीला आम्ही ते खोके लावले, तर करंट कमी होण्याऐवजी ५.६ अँपिअर झाला, कारण इस्त्रीला ये-जा करणारी ऊर्जा लागत नाही आणि कपॅसिटरचा स्वतःचा करंट वर मिळाला. विक्रेत्याच्या गुणाकाराने पाहिले तर वीज वाचवणाऱ्या यंत्रामुळे इस्त्री जवळपास १,३०० वॅट घेऊ लागली होती!

मला मिळालेली पावती साधी, शिक्का नसलेली आहे, त्यावर पत्ताही नाही; पक्के बिल न मागणे ही माझी दुसरी चूक. तरीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली असून ६,५०० रुपये स्वतःच्या खिशातून सोसायटीच्या खात्यात भरले आहेत. खोके, इस्त्री आणि क्लॅम्प मीटर आमच्या कार्यालयात ठेवले आहेत. परिसरातल्या ज्या सोसायटीपुढे असा विक्रेता उभा राहील, तिच्या कमिटीने निर्णय घेण्यापूर्वी येऊन हे मोजमाप स्वतः करून पाहावे.