इंटिग्रेटेड की साधं पीयू कॉलेज? दोन्हीकडे बसून पाहिलेल्याचं मत

दहावीचा निकाल लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर भागात घरोघरी एकच चर्चा. सायन्स घ्यायचं हे ठरलेलं असतं, पण घ्यायचं कुठे? बेळगावातल्या एखाद्या इंटिग्रेटेड कॉलेजात, जिथे पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आणि सीईटी-नीट या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांचं कोचिंग एकाच ठिकाणी आणि राहणं-जेवण हॉस्टेलात? की साध्या अनुदानित पीयू कॉलेजात, रोज गाडीने ये-जा करून?

मी फर्स्ट पीयू, म्हणजे अकरावी, पहिल्या प्रकारात केली आणि सेकंड पीयू, म्हणजे बारावी, दुसऱ्या प्रकारात. आता मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन्हीकडे बसलेलो आहे म्हणून मावशीच्या मुलीपासून गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळे मला विचारतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. पीसीएमबी की पीसीएमसी (म्हणजे चौथा विषय बायोलॉजी की कॉम्प्युटर), कुठल्या कॉलेजचा निकाल किती, हे तुम्ही एव्हाना विचारून झालेलं असेल. त्यात मी शिरत नाही.

आधी इंटिग्रेटेडचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. शिकवणारे सर मन लावून शिकवायचे. रात्री नऊला शंका घेऊन गेलं तरी फळ्यावर पुन्हा मांडून दाखवायचे. वेगाचा सराव तर तिथेच होतो. कर्नाटकाच्या सीईटीत एका विषयाचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. नीटचं तसं नाही. तिथे १८० प्रश्न, ७२० गुण, आणि प्रत्येक चुकीला एक गुण जातो. हे दोन वेगळे खेळ आहेत आणि दोन्हींसाठी हात बसवावा लागतो. दर रविवारी ओएमआर उत्तरपत्रिकेतले गोल रंगवून माझा हात बसला, तो पुढे कामाला आला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला फिजिक्सचं इंग्रजी पहिले दोन महिने छातीवर बसतं. तेही तिथे लवकर उतरलं, कारण दिवसभर कानावर दुसरं काही पडतच नाही.

साध्या कॉलेजचं वाईटही सांगतो. आमच्याकडे केमिस्ट्रीला जवळजवळ दोन महिने लेक्चरर नव्हते. पावसाळ्यात पॅसेंजर उशिरा आली की पहिला तास गेलाच. खानापूरचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. मागे लागणारं कुणी नसतं. तुम्ही अभ्यास केला नाही तर कुणी हटकत नाही. ज्याला मागे लागणारं कुणीतरी हवंच असतं, त्याने हे आधीच मनाशी कबूल करावं.

एवढं बघितलं तर पारडं इंटिग्रेटेडकडेच झुकतं. मीही तसंच समजून गेलो होतो. आप्पांनी भाताचे आणि काजूचे आलेले पैसे भरले. दोन्ही वर्षांचे एकदम भरले तर सूट होती, म्हणून एकदमच भरले.

मला तिथून बाहेर काढलं ते बाक बदलण्याने.

रविवारी परीक्षा व्हायची. सोमवारी सकाळी जिन्याशेजारी यादी लागायची आणि तिच्या क्रमाने वर्गात बसायचं. पहिला नंबर खिडकीकडच्या पहिल्या बाकावर, तिथून मागे मागे. म्हणजे दर सोमवारी साठ पोरं दप्तर उचलून जागा शोधत फिरायची. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटेल. मलाही पहिले दोन आठवडे तसंच वाटलं. माझा नंबर ४१ होता, मग १८ झाला, मग ११. मी पुढे सरकत होतो, त्यामुळे मला त्रास व्हायचं कारणच नव्हतं. म्हणून तर उशिरा कळलं.

खोलीत माझ्याबरोबर निपाणीचा एक मुलगा होता. स्वभावाने फार चांगला. घरून आलेला डबा आधी माझ्यापुढे करायचा. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री तो एक गणित घेऊन आला. एकाच उतारावरून एक भरीव गोळा आणि एक कडं एकदम सोडलं आणि दोन्ही न घसरता लोळत आली, तर आधी खाली कोण पोचेल? उत्तर गोळा. वजन कितीही असो, आकार केवढाही असो, गोळाच. कड्याचं सगळं वस्तुमान काठावर असतं, त्यामुळे मिळालेल्या ऊर्जेतला मोठा वाटा त्याला नुसतं फिरण्यातच खर्चावा लागतो. हे मी त्याच दुपारी सरांकडून समजून घेतलं होतं. वही उशीखाली होती. आणि मी त्याला म्हणालो, ‘‘मला पण नाही रे जमलं.’’

रविवारी तोच प्रश्न आला. सोमवारी मी एक बाक पुढे गेलो, तो दोन बाक मागे गेला. दप्तर घेऊन माझ्या शेजारून जाताना तो हसला आणि म्हणाला, ‘‘बघ, तुझं बरं चाललंय.’’ त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता, कदाचित बाक बदलायची पद्धत काढणाऱ्याच्या मनातही चांगलंच असेल. काही मुलं त्याने खरोखर पेटून उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझ्यावर त्याचा काय परिणाम होतोय, हे मला त्या रात्री दिसलं. घरी आम्हाला एक गोष्ट न सांगता शिकवलेली होती: दारात कुणी काही मागायला आलं तर असलेलं नाही म्हणायचं नाही. उकड्या तांदळाचं मापटं असो नाहीतर शेजाऱ्याला लागणारी पहार. चार महिन्यांत मी ते विसरलो होतो, आणि विसरल्याबद्दल मला पुढचा बाक मिळाला होता.

ते वर्ष तिथेच पूर्ण केलं. मे महिन्यात आप्पांना सांगितलं. भरलेल्या पैशांपैकी दुसऱ्या वर्षाचे परत मिळणार नव्हते, त्यामुळे बोलताना जीभ जड झाली होती. आप्पा थोडा वेळ अंगणात बघत बसले, मग म्हणाले, ‘‘पैशाचं मी बघतो. तू उद्या तिथं जाऊन बसशील काय, तेवढं सांग.’’ मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं दाखला काढायला गेलो.

निघताना निपाणीच्या मित्राला मी ती गोष्ट सांगून टाकली. तो म्हणाला, ‘‘मला माहीत होतं. वही दिसत होती. आणि केमिस्ट्रीच्या वेळी मी पण तुला तसंच केलेलं.’’ तो तिथेच राहिला. पुढे त्याला चांगले गुण पडले आणि आम्ही आजही बोलतो. त्यामुळे तिथे राहणारा प्रत्येकजण बिघडतो, असं माझं म्हणणं अजिबात नाही.

आता साधं कॉलेज. तिथे बाक ठरलेला. वर्षभर माझ्या शेजारी बैलहोंगलचा एक मुलगा बसला. तास साडेतीनला संपायचे आणि संध्याकाळच्या पॅसेंजरला दोन तास असायचे. हे दोन तास मला सुरुवातीला फार खटकले. हॉस्टेलात पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा सगळं आखून दिलेलं होतं, इथे काय करायचं हेच कळेना. थोडे दिवस तबल्याच्या क्लासला गेलो, जमला नाही, सोडला. वाचनालयात बसून जुने अंक चाळले. मग एक दिवस बैलहोंगलचा मित्र म्हणाला, ‘‘मला मराठी पेपर वाचायला शिकव, मी तुला कन्नड नीट बोलायला शिकवतो.’’

शाळेत कन्नड होतंच. पण ते मार्कांपुरतं. अक्षरं लावून वाचता यायची, बाजारात दर विचारता यायचा, त्यापुढे तोंड उघडायचं म्हटलं की घाम. आपल्याकडे या भाषेचा विषय निघाला की मोठ्या माणसांचा आवाज बदलतो. त्यामागे काय काय आहे ते मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मराठीचा माझा अभिमान तसूभरही कमी नाही. पण शेजारी बसलेल्या मुलाची भाषा आपल्याला धड येत नाही, याची लाज मला पहिल्यांदा त्या बाकावर वाटली.

आणि शिकायला लागलो तेव्हा केवढं काय हाती आलं! आपण ज्याला तूप म्हणतो ते त्यांचं तुप्प. आपल्या घरातले अण्णा, अक्का, आप्पा तिकडूनच आलेले. मग एक अडचण आली. कन्नडमध्ये ‘ए’ दोन आणि ‘ओ’ दोन, एक आखूड आणि एक लांब, आणि दोघांना वेगळी अक्षरं. मराठीत तो फरकच नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही. ‘कोडु’ आखूड म्हटलं तर ‘दे’, ओ लांबवला की ‘शिंग’. मी पंधरा दिवस शिंगच मागत होतो. त्याचं उलट होतं. त्याला आपले दोन ‘च’ कळेनात. ‘चार’मधला वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा हे आपण लिहून दाखवतच नाही, तोंडानेच शिकतो. मला ते त्याला समजावता येईना, आणि तेव्हाच आपल्या भाषेकडे मी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. वाचनालयाच्या सरांनी आम्हाला एकदा सांगितलं की धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरी मराठी बोलत आणि ते मोठे झाले कन्नड कवी म्हणून, १९७३चं ज्ञानपीठ मिळण्याइतके. ती दुपार मला अजून आठवते.

डिसेंबरात आंतरकॉलेज कन्नड भाषण स्पर्धा होती. मित्राने माझंही नाव दिलं. विषय मी मलप्रभा घेतला. ती आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पुढे कन्नड मुलखाला पाणी पाजत जाते, म्हणून. सहा मिनिटांपैकी चौथ्या मिनिटाला मी अडकलो. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हळूच शब्द सांगितला, मी पुढे बोललो आणि उतरलो. नंबर आला नाही, यायचा प्रश्नही नव्हता. पहिला नंबर बैलहोंगलच्या मित्राचा. नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. वर्षभरापूर्वी मला हे जमलं नसतं. स्पर्धा तीही होतीच, पण हरल्यावरही माझ्याकडे येताना होतं त्यापेक्षा जास्त काहीतरी होतं.

आता प्रश्न गुणांचा, कारण घरची माणसं तोच विचारणार. फर्स्ट पीयूचे गुण पुढे कुठे धरत नाहीत. इंजिनिअरिंगच्या रँकला निम्मं वजन सेकंड पीयूच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला आणि निम्मं सीईटीला. साध्या कॉलेजात उत्तरं सविस्तर लिहून घेतात, त्यामुळे माझी पहिली बाजू तिथे वाढली असं मला वाटतं. सीईटीसाठी मार्चच्या परीक्षेनंतर महिनाभर बेळगावात एक क्लास लावला. हॉस्टेलात राहिलो असतो तर रँक वर असता का? कदाचित असता. पण मला हवी ती ब्रांच बेळगावातच मिळाली. तिथल्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) लहानपणापासून बघतोय, मला त्याच कामात जायचं होतं. आणि हो, सेकंड पीयूला वर्षात एकाहून जास्त वेळा परीक्षा देता येते. एक पेपर बिघडला म्हणून वर्ष गेलं, अशी भीती धरून कॉलेज निवडू नका.

नीटच द्यायची आहे, डॉक्टरच व्हायचं आहे आणि हे तुमचं स्वतःचं ठरलेलं आहे, तर इंटिग्रेटेडला मी नको म्हणणार नाही. नीटच्या रँकमध्ये पीयूचे गुण येत नाहीत, सगळा खेळ त्या एका पेपरचा, आणि त्याचा सराव घरून ये-जा करून होणं कठीण आहे. पण मन इंजिनिअरिंग, शेती, बीएस्सी यांच्यात कुठेतरी घुटमळत असेल, किंवा आपल्याला नक्की काय आवडतं हेच अजून कळलेलं नसेल, तर मी साध्या कॉलेजकडे बोट दाखवीन. सोळाव्या वर्षी ते कळलेलं नसणं काही वावगं नाही.

मराठी भाषा विषय म्हणून घ्यायची असेल तर मात्र दोन्हीकडे आधी विचारा. पीयूला मराठी आहे, पण प्रत्येक कॉलेजात ठेवलेली नसते. माझ्या इंटिग्रेटेडमध्ये नव्हती.

आणि प्रवेशाच्या चौकशीला शक्यतो सोमवारी सकाळी जा. ऑफिसात माहितीपत्रक मिळतंच. त्याआधी जिन्याशी पाच मिनिटं थांबा. यादी लागत असेल तर मुलं ती कशी वाचतात ते बघा, आधी स्वतःचा नंबर शोधतात की दुसऱ्याचा. मग साडेतीनला साध्या कॉलेजच्या फाटकाशी या आणि सुटलेली मुलं कुठे कुठे जातात ते बघा. घरी येऊन आई-वडिलांना दोन्ही सांगा.