गिअरबॉक्स उघडलाच नाही आणि माझे 88,000 गेले

लिहायला लाज वाटायली, पण लिहितो. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही. बायकोला साठ सांगितलेत, गेलेत 88,000. स्कॅनिंगचे 1,500, ॲडव्हान्स 30,000, किटचे (नवीन प्लेटांच्या संचाचे) 22,500 आणि गाडी नेताना 34,000 रोख. शेवटचे रोख दिले ही सगळ्यात मोठी चूक, ती आधीच कबूल करतो म्हणजे कमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको.

गाडी म्हणजे वरून एसयूव्ही, खालून ट्रकच, जुन्या पिकअपच्या चेसिसवरची डिझेल, चार गिअरची ऑटोमॅटिक, लिव्हरवर ओडीचं बटण असलेली. नाव लिहीत नाही, लिहिलं की त्या कंपनीचे भक्त अंगावर येतात. 2022 ला सेकंडहँड घेतली 4,15,000 ला. माझं गेवराईकडं खतं-औषधांचं दुकान आहे, माल आणि माणसं दोन्ही न्यायला बरी पडते. ओडी म्हणजे ओव्हरड्राइव्ह, सगळ्यात वरचा गिअर. तो पडला की इंजिनाचा आवाज एकदम खाली बसतो. माझ्या गाडीत 90 च्या स्पीडला आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा 2,100 वर असायचा.

डिसेंबर 2023, पहाटे पाचला संभाजीनगरला निघालो होतो. शहागडचा पूल गेला, पाचोड आलं तरी गाडी रडायलीच. 90 ला 3,000 आरपीएम. मी बटण दाबून बघितलं, पाय काढून बघितला, काहीच नाही. आता गंमत ऐका, दुपारी गावात फिरलो तेव्हा ओडी व्यवस्थित पडला. संध्याकाळी येताना दोनदा पडला आणि निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे परत गायब. मला वाटलं गिअरबॉक्स शेवटच्या घटका मोजायलाय. ॲव्हरेज अकरावरून आठवर आलं तेव्हा मात्र धीर सुटला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही उघडत नाही, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, 3,40,000. चार लाखाच्या गाडीला साडेतीन लाखाचा गिअरबॉक्स कोण टाकणार. हे यासाठी सांगायलो की मी काय उगं वेडा म्हणून त्या गॅरेजवाल्याकडं गेलो नव्हतो. एका ओळखीच्यानं नंबर दिला होता, 'ऑटोमॅटिकचा स्पेशालिस्ट' म्हणून. शहराबाहेर मोठं शेड, लिफ्ट, दोन-चार भारी गाड्या उभ्या, पोरं युनिफॉर्ममध्ये. बोलायला इतका गोड की काय सांगू, "मालक, चहा घ्या आधी, गाडी कुठं पळून चालली नाही."

त्यानं मोबाईलला काहीतरी जोडलं, स्क्रीन लाल झाली, म्हणला, "ओडीच्या प्लेटा जळाल्यात, सोलेनॉइड पण गेलाय." (सोलेनॉइड म्हणजे आतला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह.) मी फोटो काढायला लागलो तर म्हणला सॉफ्टवेअरला परवानगी नाही. सॉफ्टवेअरला फोटो काढून घ्यायची परवानगी लागते हे त्या दिवशी मला पटलं, कसं पटलं देव जाणे. नंतर कळलं की अशा गाडीत गिअरबॉक्सच्या वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये खरंच बिघाड असला तर मीटरमधला ओडीचा लाईट बहुतेक वेळा लुकलुकत राहतो. माझा लाईट एकदाही लुकलुकला नव्हता. त्याला ते माहीत होतं. मला नव्हतं.

गाडी अकरा दिवस ठेवून घेतली. मध्ये फोन केला की "उघडलाय मालक, या बघायला". गेलो. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये काळं तेल, लोखंडाचा चुरा, आणि एक जळालेली गोल प्लेट.

इथं थांबतो, कारण सगळं इथंच आहे. ती प्लेट मी हातात घेतली. ताटाएवढी, मधोमध दाते असलेलं भोक आणि त्या भोवती चार जाड स्प्रिंगा. आमच्याकडं आधी जीप होती, तिची क्लचप्लेट मी दोनदा बदलून घेतली, दोन्ही वेळेस बाजूला स्टूल टाकून बसलो होतो. म्हणजे ही वस्तू मी ओळखत होतो! मनात आलंही, अरे ही तर आपल्या जीपसारखीच दिसायली. मी म्हणलो सुद्धा, "ऑटोमॅटिकमध्ये क्लच कुठं असतो?" तर हसून म्हणला, "पायाखाली नसतो मालक, आत असतात प्लेटा." आता हे खरंच आहे, ऑटोमॅटिकच्या आत क्लचप्लेटा असतातच, पण त्या बांगडीसारख्या पातळ रिंगा, एकावर एक रचलेल्या, मधी स्प्रिंगबिंग काही नाही. अर्धं खरं सांगून अर्धं विकलं त्यानं. आणि मी मान हलवली. का, तर त्याआधी दहा मिनिटं मीच त्याला जीपच्या गोष्टी सांगून मला गाड्यांमधलं किती कळतं ते ऐकवत होतो. आता मला कळत नाही म्हणायचं तोंड कुठं राहिलं होतं. तिथंच किटचे 22,500 फोनपे केले.

जुने पार्ट मागा, असं सगळे सांगतात. मी मागितले की! त्यानं ती प्लेट पोत्यात घालून दिली वर. पार्ट मागून उपयोग नाही, तो पार्ट तुमच्याच गाडीचा कशावरून हे विचारा.

8 जानेवारीला दुपारी दोनला ट्रायल दिली. आधी गाडी चालू करून ठेवलेली, मग ट्रॅफिकमधून नेली, मग चार किलोमीटर हायवे, ओडी टप्पकन पडला. 34,000 मोजले. बिल म्हणून कोऱ्या पॅडवर 'गेरबॉक्स काम' एवढंच, जीएसटी नाही, शिक्का नाही. पक्कं बिल हवं तर 18 टक्के वाढतील म्हणला, मी म्हणलं राहू द्या. ते 18 टक्के वाचवले म्हणून आज कुठंच उभं करत नाहीत.

पुढच्या आठवड्यात पहाटे परत तेच. फोन केला तर "नवीन प्लेटा बसायला हजार किलोमीटर लागतात मालक". फेब्रुवारीत ऊन वाढलं आणि गाडी एकदम सरळ झाली, मी त्याला थँक्यूचा मेसेज पाठवला. हो, मेसेज पाठवला. अंगठा आणि फूल.

डिसेंबर 2024, थंडी पडली, ओडी गेला. ह्या वेळेस म्हणला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) गेलाय, 60,000 लागतील. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

परभणीला एक चाचा आहेत, सौदीत चौदा वर्षं ऑटोमॅटिक पिकअप आणि ट्रकच दुरुस्त करून आलेले. गॅरेज म्हणजे पत्रा आणि लिंबाचं झाड. त्यांनी ना स्कॅनर लावला ना गाडी उचलली. सकाळी सातला मला घेऊन वीस मिनिटं गाडी चालवली, थांबवली, बोनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाईप हातात धरला. म्हणले, "धरा सेठ." मी घाबरत बोट लावलं, तर कोमट. वीस मिनिटं पळालेल्या डिझेल इंजिनाचा पाईप कोमट! मग विचारलं, "टेंपरेचरचा काटा कुठं असतो तुमचा?" मी कौतुकानं सांगितलं की एकदम खाली, इंजिन लई थंड राहतं. चाचा माझ्याकडं बघतच राहिले.

मागं माझ्याच मालाचा कीटकनाशकाचा रिकामा खोका होता. तो फाडून त्यांनी पुठ्ठा रेडिएटरच्या पुढं खोचला, अर्धा झाकला, आणि परत निघालो. काटा हळूहळू वर यायला लागला, आठ-नऊ किलोमीटरवर मधी आला आणि टप्पकन आरपीएम पडलं. 2,100. पुठ्ठ्यानं! (पुठ्ठा फक्त तपासायला, काट्यावर डोळा ठेवून, लगेच काढला. तसाच ठेवून फिरू नका, इंजिन उकळेल.)

झालं असं होतं की मे 2023 मध्ये मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापली होती, तेव्हा रोडवरच्या एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून टाकला. 200 रुपये घेतले. त्याला मी दोष देत नाही, आपल्याकडं सगळेच काढतात, 43-44 ऊन असतं, थर्मोस्टॅट काय कामाचा म्हणतात. खरं म्हणजे माझा रेडिएटर चोंदलेला होता. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत इंजिन तापतच नाही. आणि इंजिन ठराविक गरम झाल्याशिवाय ह्या गाडीचा कॉम्प्युटर ओडी पडूच देत नाही, ते इंजिनाच्याच भल्यासाठी असतं. उन्हाळ्यात पडतो, दुपारी पडतो, पहाटे नाही. इतकं सरळ. नवीन थर्मोस्टॅट 1,150, त्यावर 82 लिहिलेलं असतं, म्हणजे 82 डिग्रीला उघडणार, कूलंट 900, मजुरी 400. एकूण 2,450.

मग चाचांनी गाडीखाली झोपून टॉर्च मारला आणि मला पण झोपवलं. गिअरबॉक्स इंजिनाला जिथं जोडलेला असतो तिथले बोल्ट गंजलेले, एकावरही पान्याची चमक नाही, खालच्या चेंबरच्या बोल्टांवर दगडासारखी काळी माती बसलेली. हा गिअरबॉक्स कधी उतरलाच नव्हता. डिपस्टिक काढली तर तेल चॉकलेटी, जळका वास नाही पण जुनंच, म्हणजे तेल सुद्धा बदललं नव्हतं हो! ते पोतं दाखवलं तर चाचा लिंबाला टेकून हसले. "ये तो जीप की क्लचप्लेट है सेठ."

गाडी टाकायच्या आधी त्या बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, घरात असतंच, बोल्ट फिरवला की ठिपका तुटतो. उघडताना व्हिडिओ मागा ज्यात नंबरप्लेट आणि गिअरबॉक्स एकाच शॉटमध्ये दिसेल. आणि बिघाड ज्या वेळेला होतो त्याच वेळेला ट्रायल घ्या, पहाटेचा बिघाड दुपारी दोनला तपासू नका.

आता सरकारी कथा. आमच्या पोलीस स्टेशनला गेलो, म्हणले गॅरेज तिकडं आहे, तिकडं जा. मी म्हणलं कुठंही नोंदवता येतं म्हणतात, तर साहेब म्हणले मोबाईलवर वाचून येऊ नका. तिकडं गेलो. तिथं दोन तास बाकड्यावर, मग प्रश्न, "पैसे तुम्ही स्वतः दिले ना? गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी मॅटर आहे." मी म्हणलं 420 होतो ना, तर म्हणले 420 आता राहिलं नाही, 318 आहे, आणि हसले. वकील सांगतात की नवा कायदा 1 जुलै 2024 पासून आहे, त्याच्या आधीच्या प्रकरणाला जुनंच कलम लागतं. पण ते ऐकणार कोण, तीन चकरा झाल्या, दर वेळेस 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. तिसऱ्या वेळेस तर एका हवालदारानं मलाच विचारलं की तो चाचांचा नंबर द्या, माझी पण गाडी गरम व्हायली. 1930 या हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणले हे ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तुम्ही समोर बसून पाठवलेत. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, नंबर आला, काही दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, काय झालं ते कुणी सांगितलं नाही. आरटीओत गेलो तर गॅरेज आमच्याकडं येत नाही म्हणले. मग येतं कुणाकडं? चहाच्या टपरीला परवाना लागतो, आणि लाखाचं काम करणाऱ्या गॅरेजला विचारणारा कुणीच नाही?

शेवटी बीडला जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. हे तेवढं बरं आहे, 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथं टाकता येते, पाच लाखाच्या आत फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण पहिल्यांदा पानांना नंबर नाहीत म्हणून परत, दुसऱ्यांदा प्रतिज्ञापत्र नाही म्हणून परत. पुरावा काय, तर फोनपेची हिस्ट्री 54,000 ची, चाचांचं सहीचं पत्र, बोल्टांचे फोटो. रोखीच्या 34,000 चा पुरावा शून्य. समोरच्यानं उत्तरात माझाच थँक्यूचा मेसेज छापून जोडलाय, फुलासकट.

वकील म्हणले पुढच्या तारखेला प्लेट घेऊन या. ती दुकानात काउंटरखाली पोत्यातच आहे. बायको झाडताना दर वेळेस ती सरकवते आणि म्हणते, तुमची साठ हजाराची थाळी उचला इथून. मी काही बोलत नाही.