खोक्यावर १२८ जीबी, आत आठच: म्युझिक प्लेअर घेताना होणारी फसवणूक

पहिली अडीचशे गाणी झकास वाजतात. त्यानंतर पडद्यावर गाण्याचं नाव येतं, क्षणभर काहीच ऐकू येत नाही आणि प्लेअर पुढच्या गाण्यावर उडी मारतो. तेही मुकं. विकणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘कार्ड फॉरमॅट करून परत भरा.’ फॉरमॅट केल्यावर पहिली अडीचशे पुन्हा वाजतात, घेणारा निवांत होतो आणि तेवढ्यात माल परत करायची मुदत उलटून जाते.

फोनवर सगळं संगीत मिळत असताना वेगळा प्लेअर घेणारा हौसेखातरच घेतो असं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना टचस्क्रीन नको असतो, दाबायला बटणं हवी असतात. घाटात रेंज नसते. शिवाय कॅसेटवरून उतरवलेलं गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुठल्या अ‍ॅपवर मिळणार? म्हणजे या प्लेअरमध्ये जाणारं बरंचसं संगीत दुसरीकडून परत मिळण्यासारखं नसतं. खरा फटका तिथेच बसतो, कारण ‘आता प्लेअरमध्ये घेतलंय’ म्हणून कॉम्प्युटरवरची मूळ फाइल उडवलेली असते.

प्लेअरसोबत ‘मोफत’ येणारं मायक्रोएसडी कार्ड किंवा स्वस्त प्लेअरची आतली मेमरी, दोन्हीकडे युक्ती एकच. साठवणाऱ्या फ्लॅश चिपशेजारी एक कंट्रोलर असतो. आपल्यात जागा किती, हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, फेरफार करून ८ जीबीच्या चिपला १२८ म्हणायला लावलेलं असतं. कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. विंडोजमधली ‘प्रॉपर्टीज’ची खिडकी त्यालाच विचारून आकडा दाखवते आणि क्विक फॉरमॅटही (फक्त फाइलींची यादी नव्याने मांडणारा झटपट फॉरमॅट) त्याचंच ऐकतो. खऱ्या १२८ जीबी कार्डाची जागा विंडोज साधारण ११९ दाखवतं, कारण तिथे हिशेब १०२४च्या पटीत होतो. नकली कार्डही ११९च दाखवतं, त्यामुळे हा आकडा बघून काहीच कळत नाही.

आठ जीबी भरल्यावर पुढचा डेटा कुठे जातो? काही कंट्रोलर तो सरळ टाकून देतात आणि वाचायला गेलं की शून्यं परत करतात. काही पुन्हा पहिल्या जागेवर येऊन आधीच्याच गाण्यांवर लिहितात, मग वाजणारी गाणीही बिघडतात. फाइलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते आणि तेवढा भाग बहुधा शाबूत ठेवलेला असतो. म्हणून नाव, आकार, तारीख सगळं जागच्या जागी दिसतं. फ्लॅकमधलं (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या, मोठ्या फाइलीतलं) एक गाणं साधारण ३० एमबी धरलं तर १२८ जीबीत चार हजारांवर गाणी बसायला हवीत. आठ जीबीत बसतात जेमतेम २६०. कॉपी झाल्या झाल्या शेवटचं गाणं वाजवून खात्री करण्यातही अर्थ नाही, कारण ते बऱ्याचदा कॉम्प्युटरच्या रॅममधूनच वाजतं. कार्ड काढून परत लावल्यावर खरं काय ते दिसतं.

खात्रीचा उपाय एकच: कार्ड काठोकाठ भरायचं आणि सगळं परत वाचायचं. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्रॅम हेच काम करतात. आधी कार्ड रिकामं करा, मग पूर्ण जागेवर चाचणी लावा. लिहिण्याचा वेग सेकंदाला २० एमबी मिळाला तर १२८ जीबी लिहायला पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. घाई म्हणून फक्त पहिला १ जीबी तपासू नका, तो तर खरा असतोच. प्लेअर यूएसबीला जोडल्यावर ड्राइव्हचं अक्षर दिसत असेल तर आतली मेमरीही अशीच तपासता येते. काही प्लेअर फोनसारखे एमटीपीने, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर न मिळता फक्त फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीने, जोडले जातात, त्यांवर एच२टेस्टडब्ल्यू चालत नाही. तिथे ओळखीच्या फाइलींनी मेमरी भरा, प्लेअर काढून परत जोडा, फाइली कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये उलट कॉपी करा आणि चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) मूळ फाइलींशी जुळवा.

जुन्या आयपॉडच्या बाजारातही हेच चालतं. अ‍ॅपलचा आयपॉड क्लासिक हा प्लेअर २०१४ मध्ये बंद झाला. त्यातली हार्ड डिस्क काढून अ‍ॅडाप्टरवर एसडी कार्ड बसवलेले नग ‘२५६ जीबी, नवी बॅटरी’ म्हणून विकले जातात. सुधारणा चांगलीच आहे, पण आतलं कार्ड नकली असलं तर ‘अबाउट’मधला आकडाही खोटाच. डिस्क मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला साधा ड्राइव्ह म्हणून दिसेल असा, जोडून वरचीच चाचणी लावा. मूळ हार्ड डिस्क असलेला नग असेल तर मधलं बटण आणि मेन्यू दाबून रीसेट करा, पडद्यावर सफरचंदाचं चिन्ह दिसताच मधलं आणि मागे नेणारं बटण धरून ठेवा. डायग्नॉस्टिक मेन्यू उघडेल. त्यात मॅन्युअल टेस्ट, आयओ, हार्ड ड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) असं जा. रीअ‍ॅलॉक आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कचे बिघडलेले किंवा संशयास्पद भाग) शेकड्यांत असतील तर तो नग घेऊ नका.

‘स्पॉटिफायची डाउनलोड याच्यावर वाजतील’ असं साध्या बटणांच्या प्लेअरबद्दल कोणी सांगितलं तर ती थापच. त्या फाइली एन्क्रिप्टेड असतात, अ‍ॅपबाहेर वाजत नाहीत. अ‍ॅप असलं तरी ते ३० दिवसांतून एकदा ऑनलाइन न्यावं लागतं. त्यासाठी अँड्रॉइडवाला प्लेअर लागतो आणि तिथे आवृत्तीचा आकडा फुगवलेला असू शकतो. सीपीयू-झेड हे उपकरणाची माहिती दाखवणारं अ‍ॅप टाकून एपीआय लेव्हल बघा, म्हणजे अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीचा ठरलेला क्रमांक. सेटिंगमध्ये अँड्रॉइड १२ आणि लेव्हल ३१ऐवजी २७ दिसली, तर आत अँड्रॉइड ८.१ आहे.

फसलाच असाल तर गाणी परत मिळवायला रिकव्हरीवाल्याला पैसे देऊ नका. जे कधी लिहिलंच गेलं नाही किंवा ज्यावर दुसरं लिहिलं गेलं, ते कोणीही परत काढू शकत नाही. एफ३सोबतच्या ‘एफ३फिक्स’ प्रोग्रॅमने कार्डाला खऱ्या आकाराचं पार्टिशन देता येतं, पण अशा चिपवर मोलाचं काही ठेवायला आम्ही सांगणार नाही.

मुदत उलटली तरी तक्रार करता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ आणि चाचणीचा निकाल एकत्र ठेवा. तक्रारीत ‘गाणी वाजत नाहीत’ असं लिहिलं की पुन्हा फॉरमॅटचाच सल्ला येतो. त्याऐवजी लिहा: ‘सांगितलेली क्षमता १२८ जीबी, चाचणीत आढळलेली ७.४ जीबी, निकाल सोबत जोडला आहे.’