होपी-टेवा की आकोमा: एकच भांडं घ्यायचं तर कुठलं?

अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोची ट्रिप आहे आणि तिथल्या मूळ रहिवासी प्युब्लो लोकांचं हाताने घडवलेलं एकच भांडं घेण्याइतकं बजेट आहे, तर गाडी बहुतेक अ‍ॅरिझोनातल्या होपी-टेवा आणि न्यू मेक्सिकोतल्या आकोमा या दोन प्युब्लो समाजांच्या नावांपाशी अडते. माझा कल होपी-टेवाकडे आहे, हे आधीच सांगून टाकते.

दोन्हीकडे चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करतात. खरा फरक आगीत पडतो. होपी-टेवाची माती भाजल्यावर पिवळी-केशरी होते, आणि उघड्यावर मेंढ्यांच्या वाळक्या लेंड्या पेटवून भाजताना आच कुठे कमी कुठे जास्त लागली की त्याच भांड्यावर मधाळ पिवळ्यापासून विटकरीपर्यंत छटा उतरतात, कुणी ठरवून आणू शकत नाही अशा, आणि लोक पैसे त्याचेच देतात. आकोमाच्या पांढऱ्या लेपावर असाच धूर बसला तर तो डाग! म्हणून तिकडे बरेच जण आता इलेक्ट्रिक भट्टी वापरतात. पण पातळपणात आकोमाला तोड नाही, करड्या मातीत जुन्या खापरांची पूड मिसळून इतकी नाजूक भिंत काढतात की उचलायला भीती वाटते.

आता नक्षी. आकोमावाले अख्खं भांडं भरून टाकतात, पोपट, फुलं, इंद्रधनुष्याचा पट्टा, नाहीतर पावसाच्या म्हणतात त्या केसासारख्या बारीक रेघा. होपी-टेवात मोकळी जागा भरपूर, बसक्या रुंद भांड्याच्या खांद्यावर पक्ष्याचे पंख, गरुडाची शेपटी, आणि स्थलांतराची म्हणून ओळखली जाणारी समांतर रेघांची नक्षी. १६८० च्या स्पॅनिशविरोधी उठावानंतर हे टेवा लोक स्वतःच न्यू मेक्सिकोतल्या रिओ ग्रांदे नदीकडून येऊन होपींच्या फर्स्ट मेसा या पठारावर हानो गावात वसले, त्यामुळे ती नक्षी बघताना हे आठवतंच. आजची ही शैली मुख्यतः नाम्पेयो या कुंभारणीची (मृत्यू १९४२), तिने सिक्यात्की या ओसाड जुन्या गावातल्या खापरांवरची नक्षी उचलून आपल्या हाताने पुन्हा खेळवली.

दुकानात नक्षीच्या अर्थाचं छापील कार्ड देतात, त्यावर फार जाऊ नका, एकाच आकाराचा अर्थ दोन कुंभारणी वेगवेगळा सांगतात आणि काही गोष्टी बाहेरच्यांना सांगतच नाहीत.

पांढरंच आवडतंय पण होपी-टेवाच हवंय? मग नाहा या कुंभारणींच्या घराण्याची भांडी बघा, पाक्वा नाहाची सही म्हणजे बेडूक, तिच्या मुलीचाही बेडूकच, फक्त त्याच्या बोटांमध्ये पडदा.

आकोमात साच्यातून ओतलेली, फक्त वरून रंगवलेली भांडीही मिळतात, स्वस्त असतात आणि दिसायला झकास. तोंड मोठं असेल तर विचारून आत बोटं फिरवा, सगळीकडे अगदी एकसारखं गुळगुळीत लागलं तर शंका घ्या आणि साचा की हात, भट्टी की उघडी आग, हे थेट विचारा. आणि दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी त्यात पाणी घालून फुलं ठेवू नका, ओल झिरपते आणि रंग जातो.